आधी बोलणं, मग चहा

पहिल्या बैठकीचा बट्ट्याबोळ झाला, असं एकट्या चैतालीला वाटत होतं. बाकी सगळे खूश होते. भिवराबाई तर दुसऱ्या दिवशी नळावर सांगत होती, गुरुजींच्या सूनबाईनं लई चांगला कार्यक्रम ठेवला, खीर बी गोड हुती.

झालं होतं असं. चैतालीनं महिनाभर पाटोद्यातल्या गल्ल्या पालथ्या घालून अकरा बायका जमवल्या होत्या. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं, मग एकत्र बसून त्यावर बोलायचं, भांडण लागलंच तर भांडायचं, एवढीच तिची कल्पना. घरातली रस्त्याकडची पुढची खोली तिनं झाडून-पुसून ठेवली, सतरंज्या अंथरल्या. बायका आल्या, चपला दाराबाहेर काढल्या, भिंतीवरच्या तसबिरींना हात जोडले आणि विहारात बसतात तशा ओळीनं बसल्या. चैतालीनं कादंबरी उघडली. पहिलं वाक्य तिच्या ओठांवर यायच्या आत तिच्या सासऱ्यांनी, माणिकरावांनी, "आण इकडं," म्हणून पुस्तक तिच्या हातातून घेतलं.

माणिकराव गुरुजींचा आवाज अख्ख्या पाटोद्याला ठाऊक. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, आणि तो वाचण्याचा मान पंचवीस-तीस वर्षं गुरुजींकडं होता. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त झालं आणि विहाराच्या समितीनं ते काम एका तरुण मास्तराला दिलं. तुमी लई वाचलं गुरुजी, आता निवांत आयका, असं प्रेमानंच सांगितलं. गुरुजी ऐकायला गेले नाहीत. संध्याकाळ झाली की ते घरातल्या घरात येरझारा घालत, आणि लांबून लाउडस्पीकरवर त्या मास्तराचा आवाज आला की खिडकी लावून घेत. अशा माणसाच्या घरात आयत्या अकरा श्रोत्या चालून आल्यावर त्यानं काय करायचं?

त्यांनी वाचलं. कादंबरीच वाचली, पण ग्रंथ वाचावा तशी. संथ, ठाशीव, मधे थांबून बोध सांगत. नायिका चुलीत लाकूड सारते, यातून आपण काय घ्यायचं, तेही त्यांनी सांगितलं. दोन प्रकरणं झाली, पुस्तक मिटलं, तशा सगळ्या बायकांनी हात जोडून एका सुरात "साधू, साधू, साधू" म्हटलं, खीर खाल्ली आणि त्या उठल्या. बोलायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वाचणाऱ्यानं वाचावं, ऐकणाऱ्यानं ऐकावं आणि शेवटी साधू म्हणावं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

एकट्या उमाबाई तेवढ्या बसून राहिल्या. मागच्या गल्लीतल्या कापड दुकानदार वीरभद्रअण्णांच्या त्या घरच्या, लिंगायत. विहारात कधी गेलेल्या नसल्यामुळं कधी उठायचं ते त्यांना कळलं नसावं. सगळी खोली रिकामी झाली तरी त्या मांडी घालून होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मग बोलायचं कवा?"

चैताली स्वयंपाकघरात गेली आणि खिरीचं पातेलं घासायला घेतलं. चांगलं घासून झालेलं पातेलं तिनं पुन्हा घासलं. सासूबाई, मनकर्णा, ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि नळ बंद केला.

*

याचा फायदा उठवला चैतालीच्या दिरानं, पवननं. धाकट्याला पुढची खोली हवी होती, हे घरात कुणाला नवं नव्हतं. बीडला दुसऱ्याच्या दुकानात फ्लेक्स छापून-छापून तो वैतागला होता, स्वतःची मशीन घ्यायची त्यानं मनात धरली होती, आणि रस्त्याला दार असलेली एवढी मोठी खोली नुसती सतरंजीखाली पडून राहते हे त्याला बघवत नव्हतं. त्यात गैर काही नव्हतं. सोमवारी जेवताना त्यानं विषय काढला. वाचनच करायचं तर विहार हाय की, मोठा, पंख्याचा. मग हितं माझी मशीन बसंल.

थोरला अनिल, चैतालीचा नवरा, पहिली भाकरी संपेपर्यंत भावाच्या बाजूनं होता. दुसऱ्या भाकरीला त्याची नजर बायकोकडं गेली आणि तो म्हणाला, बघू, घाई काय. तहसील कचेरीत आणि कोर्टात नोकरी करून अनिल एवढं शिकला होता की 'बघू' म्हटल्यानं कुणीच तुटत नाही. पवननं त्याच्याकडं असं पाहिलं की घर बांधतानाची सगळी भांडणं पुन्हा ताटाभोवती येऊन बसली.

माणिकरावांना पवनचं पटलं. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. विहारात वाचन गेलं तर समितीला आपल्याकडं यावं लागेल, असा हिशेब त्यांच्या मनात झाला होता. ते म्हणाले, "कालचं वाचन चांगलं झालं. विहारात आणखी चांगलं होईल."

"मामा, कालचं ते वाचन नव्हतं," चैताली म्हणाली.

"मग काय होतं?"

"प्रवचन होतं. तुमचं."

नऊ वर्षांत ती सासऱ्यांना असं बोलली नव्हती. अनिलचा घास हातातच राहिला. चैतालीचे कान तापले होते, पण आता थांबायचं तर आणखी वाईट, म्हणून ती बोलत गेली. गेवराईला डी.एड.ला असताना आम्ही तिघी मैत्रिणी एकच पुस्तक वाचायचो, म्हणाली, आणि नदीकडं फिरायला जाऊन त्यावर एवढं भांडायचो की एकदा आठवडाभर अबोला धरला होता. त्या भांडणात पुस्तक मला जेवढं कळलं तेवढं एकटीनं वाचून कधी कळलं नाही. इथं आल्यापासून मी एकटी वाचते. चांगलं काही वाचलं की जीव नुसता फुलून येतो, आणि सांगायला कुणी नसतं. मग मी कपडे वाळत घालते. एवढं बोलून तिनं आमटीची वाटी उगाच पुढं सरकवली.

रागावले की गुरुजींची शाळेतली भाषा गळून पडायची. "एक बैठक," ते म्हणाले. "पुढल्या महिन्याची. ती बी अशीच झाली, तर खोली पवनची. मग कुणी रडायचं न्हाई."

मनकर्णाबाई वाढत होत्या. त्यांनी पवनच्या ताटात भाकरी टाकली, चैतालीच्याही टाकली. त्या कुणाच्या बाजूनं आहेत ते भाकरीवरून कळायला मार्ग नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चैताली उमाबाईंकडं गेली. दुकानाच्या मागंच घर. उमाबाई दोरीवरच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात बडीशेप. या बाईनं गल्लीतल्या बायकांची भिशी इतकी वर्षं चालवली होती की मधे दोन सासवा वारल्या, तीन घरं शहरात गेली, एकदा तर दोन सभासदांच्या पोरांनी पळून जाऊन लग्न केलं, तरी भिशी मोडली नाही. चैतालीला तेच विचारायचं होतं. बायका टिकतात कशा?

"चिठ्ठीमुळं," उमाबाई म्हणाल्या. "दुसरं काय बी न्हाई. चिठ्ठीत कुनी मोठं न्हाई, कुनी ल्हान न्हाई. माझा नवरा दुकानदार म्हनून माझी चिठ्ठी आधी निघत न्हाई. तुझ्या बैठकीत गुरुजी मोठे हुते, म्हनून त्येच बोलले. बाकीच्या कशाला बोलतील?"

मग त्यांनी चैतालीला बसवून, साड्यांच्या घड्या चालूच ठेवून, भिशीची सगळी विद्या सांगितली. प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकायची. जिची निघेल तिनं बोलायचं, आणि सगळ्यांचं एकदा होईस्तोवर दुसऱ्यांदा कुणी तोंड उघडायचं नाही. पुढचं पुस्तक कुठलं, तेही चिठ्ठीनं. जिची चिठ्ठी तिची निवड, बाकीच्यांनी नाकं मुरडत का होईना वाचायचं. वाचून झालं नसेल तरी यायचं, कारण एकदा लाजून घरी राहिलेली बाई परत येत नाही. ओळीनं बसायचं नाही, गोल बसायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली.

"च्या आधी द्यायचा न्हाई. च्या झाला की बाई उठती. आधी बोलनं, मग च्या. आमच्या भिशीत बी मी च्या शेवटाला ठिवते, तवाच समद्या थांबत्यात."

"आणि मामा? ते असले की सगळ्या गप्प बसतात. निम्म्या तर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या."

"त्येंची बी चिठ्ठी टाक," उमाबाई म्हणाल्या. "घरातनं घालवू नगं मान्साला. डब्यात घाल."

चैताली हसत सुटली. घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. अनिलनं बीडहून त्याच कादंबरीच्या आणखी तीन प्रती आणल्या, एसटीत येताना पहिली पंचवीस पानं वाचूनही टाकली. चार प्रती चार बाजूंनी गावात सोडल्या गेल्या. हिचं झालं की तिच्याकडं, तिचं झालं की पुढं. जिला अक्षर जड जात होतं तिला सुनेनं नाहीतर लेकीनं वाचून दाखवायचं असं ठरलं.

कादंबरी होती वेणू नावाच्या बाईची. तिचा नवरा एके दिवशी काही न सांगता घर सोडून जातो. अकरा वर्षांनी एका संध्याकाळी परत येतो. वेणू त्याला ओळखते, जेवायला वाढते, आणि स्वतःचं ताट उचलून शेजारणीकडं जेवायला जाते. सकाळी तो दारात बसलेला असतो. ती पाणी भरून येते, त्याच्या शेजारून आत जाते, दार उघडंच ठेवते, आणि पुस्तक संपतं. तिनं त्याला घरात घेतलं की नाही, लेखक सांगत नाही.

या शेवटानं पाटोद्यात जो गोंधळ घातला तो चैतालीनं स्वप्नातही पाहिला नव्हता. भिवराबाईंच्या सुनेनं शेवटचं पान वाचून दाखवलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, फुडं वाच. पुढं काही नाही म्हटल्यावर तिनं पुस्तक हातात घेऊन मागचा पुठ्ठा उलटून बघितला, एखादं पान चिकटलंय का म्हणून. गिरणीत दोघींचं जुंपलं, त्यात एकीचं दळण दुसरीच्या डब्यात गेलं. चैताली घाबरली, सगळं बोलणं बाहेरच संपलं तर बैठकीत काय उरणार? उमाबाईंनी तिला गप्प बसवलं. उकळी फुटू दे म्हणाल्या, झाकण आपल्याच घरात उघडायचंय.

*

मनकर्णाबाईंनी ती कादंबरी दुपारी वाचली, जेवणं झाल्यावर, स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून. अंगणवाडीत उभी नोकरी केलेली बाई. वाचन त्यांना नवं नव्हतं. त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं, चष्मा पुसला, आणि परत वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त नवऱ्याच्या जेवणाचं पान वाचलं.

मनकर्णाबाई दर वर्षावासात पहिल्या ओळीत बसत आल्या होत्या. गुरुजींनी घरी सराव करायचा तोही त्यांच्यासमोर, विहारात वाचायचं तेही त्यांच्यासमोर, म्हणजे प्रत्येक पान त्यांनी दोनदा ऐकलेलं. ऐकताना त्यांना कितीतरी गोष्टी वाटायच्या. काही इतक्या पटायच्या की डोळे भरायचे. काही मुळीच पटायच्या नाहीत आणि त्या रात्री भाजी खारट व्हायची. तुला काय वाटलं, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं. आता यात चूक कुणाची, ते बसून ठरवावं लागेल.

पुस्तक मिटून त्या उठल्या. पुढच्या रविवारी आपलीही चिठ्ठी डब्यात असणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

*

रविवारी बायका ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. अकराच्या पंधरा झाल्या होत्या. सवयीनं ओळी धरायला लागल्या, तशा उमाबाईंनी सगळ्यांना उठवून गोल बसवलं. मग त्या गुरुजींकडं वळल्या. गुरुजी आपल्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून, घसा साफ करून तयार होते.

"गुरुजी, तेवढं खाली या. खुर्ची असली की समद्यांच्या माना तिकडंच वळत्यात."

माणिकरावांनी सुनेकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. परक्या बाईला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना कळलं की इथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. खुर्चीतून फक्त भांग दिसायचे.

पवन दाराशी उभा होता, खिशात मोजायची टेप. बैठक आपटली की लगेच मापं घ्यायची असं त्यानं ठरवलं होतं. चैतालीनं ते पाहिलं. तिनं स्टीलचा डबा हलवला आणि पहिली चिठ्ठी काढली. भिवराबाई.

"मी तर आयकलंय, वाचलं न्हाई. चालतंय का?" भिवराबाईंनी विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत सुरू झाल्या. म्हातारपणी माणूस दारात आला तर काय हाकलायचं, घ्यावं घरात, पडून राहील कोपऱ्यात. दुसरी चिठ्ठी निघाली ती म्हणाली, मी तर पायरीवरनंच ढकललं असतं. हशा पिकला. तिसरी लाजून एवढंच म्हणाली की शेजारीण फार आवडली. चैतालीचा जीव थोडा भांड्यात पडला. बोलत होत्या. एकेक वाक्य का होईना, बोलत होत्या.

चौथी चिठ्ठी माणिकरावांची निघाली.

ते उठून उभे राहिले. बसून बोलणं त्यांना माहीत नव्हतं. आणि बोलले मात्र झकास, हे मान्य करायला हवं. क्षमा ही दुबळ्याची गोष्ट नव्हे, म्हणाले. वेणू त्याच्या शेजारून आत जाते आणि दार उघडं ठेवते. ते उघडं दार म्हणजे क्षमा. करुणेनं शत्रूही जिंकता येतो, हा तर नवराच आहे. हीच या कादंबरीची शिकवण. आवाज खोलीभर भरून राहिला. महिनाभर कोंडलेला तो आवाज ऐकून बायकांच्या माना आपोआप हलायला लागल्या. मघाची पायरीवरून ढकलणारीही मान हलवत होती. गुरुजी खाली बसले, आणि भिवराबाईंचे हात जोडले गेले. त्यांच्या शेजारणीचे जोडले गेले. एकीच्या तोंडून 'सा' बाहेरही पडला.

संपलं, चैतालीला वाटलं. गुरुजींनी सांगितलं ते झालं, आता कोण काय बोलणार? दाराशी पवननं टेपचं टोक बाहेर ओढलं.

तिनं घाईघाईनं पुढची चिठ्ठी काढली आणि नाव वाचताना तिची जीभ अडखळली. सासूचं नाव तिनं आजवर चारचौघांत घेतलं नव्हतं.

"मनकर्णा," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी पदर नीट केला. त्या बसूनच बोलल्या.

"मला ह्यांचं न्हाई पटलं."

जोडलेले हात तसेच राहिले. माणिकराव बायकोकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. घरातली भिंत बोलली असती तर ते एवढे दचकले नसते.

"माफ केलं म्हणतात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माफ करणारी बाई आपलं ताट घिऊन शेजारी कशाला जाईल? मी ते जेवणाचं पान पुन्ना पुन्ना वाचलं. अकरा वर्सांनी आलेला माणूस जेवताना काय बोलला? भाकर कडक झाली म्हणला. म्हैस इकली का म्हणला. पाऊसपाणी कसं हाय म्हणला. समदं इचारलं त्यानं. तू कशी हायेस, तुला काय वाटलं, एवढंच इचारलं न्हाई. ती त्याचीच वाट बघत हुती. न्हाई इचारलं, तवा ताट घिऊन उठली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि सकाळी दार उघडं ठिवलं, ती माफी न्हवं. अजून एकदा वाट बघितली तिनं. इचारतो का म्हणून."

मग भिवराबाईंनी जोडलेले हात सोडले.

"आनी न्हाईच इचारलं तर?"

"तर काय. पाणी भरून झालंय तिचं. तिचं काय बी अडत न्हाई."

आणि खोली फुटली. पंधरा बायका एकदम बोलायला लागल्या. एकीचं म्हणणं, पुरुष बोलत नसतात, समजून घ्यायचं असतं. दुसरी तिच्यावर तुटून पडली, किती पिढ्या समजून घ्यायचं? तिसरीनं पुस्तक ओढून भाकरीचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, तर खरंच, त्यानं विचारलं नव्हतं. मघाची लाजरी बाई गुडघ्यांवर उभी राहून बोटं नाचवत होती. उमाबाई डबा वाजवून नंबर, नंबर म्हणून ओरडत होत्या आणि मधेच स्वतःच नंबर मोडत होत्या. चैताली नुसती बघत होती. गेवराईच्या नदीकाठापासून इथपर्यंतची सगळी वर्षं तिच्या डोळ्यांत आली होती आणि ती त्यांना पुसतही नव्हती.

"पण आई, त्याला बी वाटत असंल की," दाराशी आवाज आला. पवन. "कसं इचारायचं तेच कळत न्हाई एखाद्याला. इतकी वर्सं न्हाई इचारलं, आता एकदम काय इचारायचं? लाज वाटत असंल."

सगळ्या वळल्या. "तू वाचलंस व्हय रे?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"टीव्हीच्या टेबलावर पडलं हुतं, म्हणून वाचलं," पवन म्हणाला आणि लाल झाला. त्याला हाताला धरून गोलात बसवण्यात आलं, कारण पुरुषांच्या बाजूनं बोलणारं कुणी हवंच होतं. त्यानं खिंड चांगली लढवली. भिवराबाईंनी त्याची बाजू घेतली, उमाबाईंनी विरोधात मोर्चा उघडला, आणि चहाचं आधण आटून पातेलं करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

माणिकरावांकडं बराच वेळ कुणी बघत नव्हतं, बोध काय असं कुणी विचारत नव्हतं. पहिल्यांदा त्यांना ते लागलं. मग एका वेगळ्याच मुद्द्यानं त्यांना डिवचलं: वेणूनं तरी कुठं सांगितलं स्वतःहून? हे कुणीच म्हणत नव्हतं, आणि म्हणायला तर हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. कुणी ऐकलं नाही. शेवटी या माणसानं, ज्यानं उभ्या तालुक्याला बोट वर करायला लावलं, स्वतःचं बोट वर केलं.

"थांबा गुरुजी," उमाबाई म्हणाल्या. "तुमचं एकदा झालंय. अजून सात जनी राहिल्यात."

ते थांबले. थांबता थांबता त्यांना हसू आलं.

*

बायका गेल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. गेल्या म्हणजे घरातून गेल्या. रस्त्यावर विजेच्या खांबाखाली त्यांचं अजून चालूच होतं. पुढच्या पुस्तकाची चिठ्ठी पायरीवरून ढकलणारीची निघाली होती आणि ती आत्तापासून भाव खात होती. चैताली करपलेलं पातेलं घासत गात होती, अनिल तिच्याकडून शेवटच्या सात चिठ्ठ्यांची हकीकत ऐकून घेत होता.

पवननं उगाच एका भिंतीला टेप लावली आणि गुंडाळून खिशात घातली.

"हितं जागा कमी पडती मशीनला," तो वडलांना म्हणाला. "स्टँडकडं एखादा गाळा बघतो."

जागा कमी पडत नव्हती. माणिकरावांनी मागंच मोजून बघितली होती. "बघ," ते म्हणाले. "मी बी येतो संगं."

पवन गेला. खोलीत दोघंच उरली. मनकर्णाबाई सतरंजी झटकायला वाकल्या, तेव्हा तिची दुसरी दोन टोकं माणिकरावांनी धरली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं, त्यामुळं घडी तिरकी झाली आणि परत करावी लागली.

"विहारात मी इतकी वर्सं वाचलं," ते म्हणाले.

"हां."

"तू पुढंच बसायचीस."

"हां."

ते सतरंजीच्या काठाचा दोरा चिमटीत धरून राहिले. बाहेर भिवराबाईंचा आवाज चढला होता. "तवा बी असायचं का काही," त्यांनी विचारलं, "तुला न पटलेलं?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग घडी घातलेली सतरंजी त्यांनी परत खाली अंथरली.

"बसा," त्या म्हणाल्या. "लई हाय."